परीक्षेला येताना माणूस आणावा

आमच्या कॉलेजात परीक्षेला जाताना बाकीची मुलं पेन, पॅड आणि हॉलतिकीट घेऊन जायची. आम्ही मानसशास्त्राची मुलं त्याशिवाय एक माणूस घेऊन जायचो. जिवंत, बोलता आणि शक्यतो तासभर एका जागी बसणारा. प्रयोग करायचा म्हणजे तो कुणावर तरी करावा लागणारच. ज्याच्यावर करायचा त्याला पुस्तकात 'प्रयुज्य' म्हणतात. पण पठाण सर फळ्यावर लिहायचे, 'परीक्षेला येताना माणूस आणावा', आणि खाली बारीक अक्षरात, 'नातेवाईक नको.'

त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या दिवशी व्हरांड्यात केस कापणारे, पंक्चर काढणारे, भाजीवाल्या, एकदा तर एसटीचा कंडक्टर, असे सगळे ओळीने बसलेले असायचे. इतिहासाचे सर जाता-येता म्हणायचे, पठाणांचा आज बाजार भरलाय. पठाण सर शांतपणे म्हणायचे, "तुमच्या विषयातली माणसं मेल्यात, सर. आमची येतात, चहा पितात."

सर उंच आणि किडकिडीत. शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली आणि गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. सगळ्या कॉलेजात स्टॉपवॉच तेवढं एकच. क्रीडाशिक्षक ते शर्यतीसाठी मागायला आले की सर ते काढून द्यायचे आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहायचे, परत मिळेपर्यंत. मुलं म्हणायची, सर शर्यत बघत न्हाईत, घड्याळ बघतेत.

त्यांचे वडील बाजारात मोसंबी आणि सीताफळं विकायचे. सर सांगायचे की मानसशास्त्राची पहिली दोन वर्षं आपण त्या टोपल्यांमागे बसून शिकलो. गिऱ्हाईक फळ घेणार की नुसतंच दाबून ठेवून देणार, हे बापाला हात पुढे येण्याआधी कळायचं. मोठ्या भावाचं मोटारीचं गॅरेज होतं. आमच्या प्रयोगशाळेतला मेमरी ड्रम, म्हणजे फिरत्या रुळावर एकेक शब्द दाखवणारी पेटी, बंद पडला तेव्हा त्या भावाने त्यात जुन्या जीपच्या वायपरची मोटर बसवून दिली. ड्रम चालू केला की वायपर फिरल्याचा आवाज यायचा. आमच्या आष्टी तालुक्यात वायपरचा उपयोग होता तो तेवढाच.

सर आम्हा सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मुलींना 'बाई' म्हणायचे. सतरा-अठरा वर्षांच्या आम्ही, घरात 'ए मंदे, ए कमळे' ऐकून वाढलेल्या. पहिल्या दिवशी सरांनी "बसा बाई" म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

आणि त्यांचा एक नियम होता. समोरच्या माणसाला 'कावून' विचारायचं नाही. "का", "कशामुळं", "कावून" हे शब्द प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर. त्यांचं म्हणणं असं, की कावून विचारलं की माणूस आपलाच वकील होतो, कारणं शोधायला लागतो. "मग काय झालं" असं विचारा, आणि गप्प बसा. यातलं गप्प बसणं आम्हाला फार जड जायचं. सर आमचं गप्प बसणं स्टॉपवॉचवर मोजायचे. मी पहिल्या वर्षी चार सेकंदांवर अडकले होते.

*

माझा प्रवेश कसा झाला ते सांगते. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, मुलांमुलींत मिळून पहिली, आणि हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. पण त्याचं अर्धं श्रेय एका आरशाला आहे.

सरांचा विषय दर जूनला आचके द्यायचा. पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद म्हणजे सर 'अतिरिक्त', संस्थेच्या दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात पडेल ते काम करायला रवाना. म्हणून सर सुट्टीत गावोगाव फिरायचे. आमच्या दारात आले तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, दूध सोसायटीच्या कॅनी धूत होते. ते सोसायटीत दूध मोजून घ्यायचे, आणि गावात कुणी त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. विषयाचं नाव ऐकल्यावर त्यांनी हातातली कॅन खाली ठेवली.

"म्हंजी पोरीला येड्याच्या दवाखान्यात धाडायचं म्हना की."

सरांनी वाद घातला नाही. पिशवीतून एक पाटी काढली, तिच्यासमोर आरसा उभा केला, मध्ये आडवा पुठ्ठा लावला. पाटीवर चांदणी काढलेला कागद लावलेला. हात पुठ्ठ्याआड, आणि बघायचं फक्त आरशात. आरशात बघून त्या चांदणीवरून पेन्सिल फिरवायची, एवढंच. दादा हसले. नांगराचा तास त्यांच्याइतका सरळ गावात कुणाचा येत नव्हता. त्यांनी पेन्सिल धरली आणि पहिल्याच कोपऱ्यावर हात भलतीकडेच गेला. डावीकडे न्यावा तर उजवीकडे जाई. कपाळावर घाम आला. गोठ्यातून म्हैस ओरडायला लागली तरी उठेनात. आईने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी सहाव्या कागदावर चांदणी कशीबशी पुरी झाली, तेव्हा ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"मास्तर, ह्यो हात माझाच हाय ना?"

सर म्हणाले, याचाच अभ्यास असतो आमच्याकडे. दादांनी त्याच दिवशी फॉर्मवर सही केली. पुढे कितीतरी दिवस ते सोसायटीत येईल त्याला सांगायचे, की आपली मंदी अशा विषयात आहे जो भल्याभल्यांना जमत नाही.

*

सरांना खोट्या आकड्यांचा फार तिटकारा. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रयुज्याचं नाव, वय आणि प्रयोगाचे आकडे लिहावे लागतात, आणि घरबसल्या ते लिहून टाकण्याची सोय कुणालाही सुचते. याला आम्ही 'आकडे पाडणं' म्हणायचो. सरांना संशय आला की ते वहीत लाल शाईने लिहायचे, 'यांना भेटवा.' आणि खरोखर भेटायला जायचे.

माझा वर्गमित्र बबन मूळचा तलवाड्याचा. त्याने एकदा प्रयुज्य म्हणून आपल्याच गावच्या एका म्हाताऱ्याचं नाव ठोकून दिलं, इतक्या लांब कोण जातंय म्हणून. सर सुट्टी बघून एसटीने तलवाड्याला गेले. सोमवारी वही परत आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'प्रयुज्य तीन वर्षांपूर्वी वारले आहेत. तरी स्मरणशक्ती उत्तम दिसते. गुण शून्य. त्यांच्या सुनेने चहा चांगला केला.'

बबनने ती वही अजून जपून ठेवली आहे.

*

मी दुसऱ्या वर्षाला असताना पाऊस आलाच नाही. जूनमध्ये नाही, परतीचाही नाही. ऊस वाळून गेला, त्यामुळे त्या साली साखर कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर गुरांसाठी चारा छावणी उघडली. गावंच्या गावं आपली गुरं घेऊन तिथे राहायला आली. बांबूवर हिरवी जाळी, खाली दावणी, दावणीशेजारी खाट, आणि खाटेवर जनावराचा धनी. सकाळी गुरांची हजेरी व्हायची. धनी जागेवर नसला तर त्या दिवसाच्या चाऱ्याचा घोळ व्हायचा. म्हणून कुणी हलत नसे.

कॉलेजात आमच्या वर्गात उरलो अकरा. दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक मार्चात. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, आणि ते शिपायामार्फत आम्हाला दुपारच्या आत कळलं, की यंदा बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या अहवालावर सगळं ठरणार आहे. अहवाल बरा आला तर विषय राहील, नाहीतर जूनपासून बंद. म्हणजे आम्हा अकरा जणांना शेवटच्या वर्षाला विषय बदलून पुन्हा पहिल्यापासून. माझ्यापुरतं सांगायचं तर पुन्हा पहिल्यापासून काही झालं नसतं. स्थळ बघून ठेवलेलं होतं.

आणि परीक्षेला आणायला माणूस नव्हता. सगळी माणसं छावणीत. सरांनी एक दिवस विचार केला आणि परीक्षक बाईंना पत्र लिहिलं, की माणसं परीक्षेला येऊ शकत नाहीत, तरी परीक्षा माणसांकडे न्यावी.

मला सोजरकाकू मिळाल्या होत्या. दोन म्हशी घेऊन एकट्या छावणीत राहिलेल्या, पन्नाशीच्या. घरचे सगळे ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. आमच्या गावच्या नव्हेत, नात्यातल्या नव्हेत. मला आलेला प्रयोग स्मरणाचा. ड्रमवर बारा निरर्थक शब्द एकामागून एक दाखवायचे, मग प्रयुज्याला किती आठवतात ते टिपायचं, पुन्हा दाखवायचे, असं बाराही येईपर्यंत. काकूंना वाचता येत नव्हतं म्हणून मी शब्द मोठ्याने म्हणायची. टेफ, धुब, मिछ, वोख, गेठ, अशी ती यादी. पुस्तिकेत अशा चारच याद्या. महिनाभर मी कॉलेज सुटलं की छावणीत जायची, काकूंच्या खाटेसमोर पोतं टाकून बसायची आणि सराव करायची.

त्या महिन्यात काय होत होतं ते मला कळत होतं. मी गेल्यावर काकू चाऱ्याच्या रांगेत उभ्या राहून ते शब्द पुटपुटायच्या. शेजारची रांग ते उचलायची. हळूहळू सगळ्या छावणीला चारही याद्या पाठ झाल्या. एका गड्याने आपल्या वळूचं नाव वोख ठेवलं. प्रयुज्याला यादी आधी माहीत असता कामा नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी थांबवलं नाही. माझी परीक्षा म्हणजे आपलीच परीक्षा, असं त्या सगळ्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं.

*

परीक्षक जोशी मॅडम आल्या त्या इस्त्रीच्या साडीत आणि काळ्या चष्म्यात. प्राचार्यही आले. खाटेवर चादर घातली. कडबा कापायच्या यंत्राशेजारी टेबल ठेवून त्यावर ड्रम मांडला. सरांनी गुंडी तपासली आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं.

"दुसरी यादी घ्या," मॅडम म्हणाल्या. मी कागद ड्रमवर चढवला, मोटर चालू केली, वायपरचा आवाज आला, आणि मी तोंड उघडण्याआधी सोजरकाकूंनी बाराच्या बारा शब्द ओळीने म्हणून दाखवले. मागच्या दावणीवरून दोघीतिघींनी त्यांना साथ दिली.

मॅडमनी चष्मा काढला. मग बबनचा माणूस बसवला, त्याला तिसरी यादी दिली. त्यानेही ड्रमची वाट बघितली नाही.

"सर, ही माणसं पढवून बसवलीत," मॅडम म्हणाल्या. प्राचार्य चपलेकडे बघू लागले.

मी सरांना असं कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसाने एका मेलेल्या प्रयुज्यासाठी तलवाड्यापर्यंत एसटी केली, त्याच्या तोंडावर हे आलं, आणि आणलं मी. ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता तरी हा माणूस कावून विचारेल.

"मग काय झालं, बाई?" त्यांनी विचारलं. आणि गप्प बसले.

मी सगळं सांगून टाकलं. चाऱ्याची रांग, चारही याद्या, वळूचं नाव, आणि मला माहीत असून मी थांबवलं नाही हेही. मॅडम म्हणाल्या की हे त्यांना अहवालात लिहावं लागेल.

"लिवा मॅडम, लिवायलाच पायजे," सर म्हणाले. "फकत प्रयोग पुरा व्हऊ द्या. नवी यादी तुमीच करा, हितं बसून."

मॅडमनी आपल्या वहीत जागेवर बारा शब्द रचले. काकूंना पहिल्या फेरीत दोन आले, दुसरीत तीन. त्यांचा चेहरा लाल झाला. "ह्ये आमच्या अभ्यासात न्हवतं," असं त्यांनी मॅडमना सुनावलं. नवव्या फेरीत बारा झाले. मी जुन्या आणि नव्या यादीचे दोन आलेख शेजारी शेजारी काढले, आणि मॅडम म्हणाल्या की निदान सरावाचा परिणाम तरी दिसतोय.

प्रयोग संपला की प्रयुज्याला विचारायचं असतं, प्रयोग चालू असताना मनात काय चाललं होतं. चार ओळींचा भाग, सगळे 'मजा वाटली' लिहून मोकळे होतात. मी काकूंना विचारलं, आणि थांबले. किती सेकंद ते मोजलं नाही.

काकू म्हशीकडे बघत बोलल्या. "मला कुनी कवा काय इचारलेलं न्हाई, बाई. घरी सांगतेत, इचारत न्हाईत. तू रोज यायचीस. म्होरं बसायचीस. म्या बोलेस्तवर थांबायचीस. म्हनलं, चुकलं तर उद्या ही पोरगी दुसऱ्या खाटंवर जाईल. म्हून पाठ केलं."

म्हैस रवंथ करत होती.

"जसंच्या तसं लिवा बाई," सर हळू म्हणाले. "एक शबुद गाळू नका."

मी लिहिलं. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं, काळा चष्मा पुन्हा लावला, आणि उन्हाचा त्रास होतोय असं सांगून जाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. अहवालात त्यांनी नक्की काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. याद्या फोडल्याबद्दल माझे गुण मात्र कापले, आणि ते बरोबरच केलं. जूनमध्ये नोटीस लागली की मानसशास्त्र चालू राहील. त्याच आठवड्यात पाऊस आला आणि छावणी उठली. सोजरकाकू म्हशी घेऊन गेल्या, जाताना वाटेत दादांच्या दूध सोसायटीत माझ्यासाठी खरवस ठेवून.

*

विषय त्यानंतर चार वर्षं टिकला. मग एका जूनमध्ये मुलं भरली नाहीत, सर खरोखरच अतिरिक्त ठरले, आणि त्यांना धर्मापुरीकडच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळायला पाठवलं. बबनने मला फोनवर सांगितलं, की सर तिथे पुस्तक न्यायला येणाऱ्या मुलालाही "बसा" म्हणतात, आणि मुलं घाबरून पुस्तक न घेताच पळतात. आम्ही दोघं हसलो. मग बबनने विषय बदलला.

मी पुढे एम.ए. केलं, आणि आता सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. खोली क्रमांक नऊ. माझ्या दारावर पाटी आहे, दारासमोर बाक आहे, पण बाकावर कुणी बसत नाही. शेजारी एक्स-रेची खोली आहे. माझ्याकडे येणारी माणसं एक्स-रेच्या रांगेत उभी राहतात, गुडघा धरून, आणि माझं दार उघडलं की इकडेतिकडे बघून चटकन आत शिरतात. कुणी ओळखीचं भेटलं तर बीपी दाखवायला आलो म्हणतात. मी वर्षानुवर्षं हे बघते आहे. लेझीम वाजवून बोलवावं असं हे दुकान नव्हे.

एका सकाळी केसपेपरांच्या गठ्ठ्यात सरांचं नाव दिसलं. सर निवृत्त होऊन दोनतीन वर्षं झाली होती. मी उठून दाराशी गेले. रांगेतून त्यांना पुढे आणायला शिपायाला पाठवलं, तर निरोप आला, नंबर येईल तेव्हा येतो. सतरावा नंबर होता.

आत आले, समोरच्या खुर्चीत बसले. वरची गुंडी लावलेली. मी उभीच होते. म्हणाले, "बसा बाई. आज मी सर म्हनून आलो न्हाई. झोप न्हाई मला, चार महिने झाले."

मी बसले. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही; ते केसपेपरवर आहे आणि केसपेपर कुलपात. एवढंच सांगते की पाऊण तास लागला, आणि त्यातला बराच वेळ मी काही बोलले नाही. शेवटी डोळे पुसून त्यांनी पुढची तारीख विचारली. मी लिहून दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, मी लिहिलेल्या वह्या वाचायचे तशी, पण दुरुस्ती काही काढली नाही.

दार उघडलं तेव्हा बाहेर रांग तापलेली होती. एक पागोटेवाला गुडघा धरून भिंतीला टेकला होता.

"काय वो मास्तर, आत झोपलतात का?"

रांग हसली. सर दारातच थांबले. मला वाटलं, आता हेही बीपी म्हणतील.

"झोपच येत न्हाई म्हून तर आलतो," सर म्हणाले. वर्गात बोलायचे त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "मनाला लई तकलीफ हाय. त्याचीच दवा करतेत हितं, नऊ नंबरात. बाई नीट ऐकून घेतेत. वेळ लागतो, तुमाला बी लागंल."

पागोटेवाल्याचा हात गुडघ्यावरून खाली आला. रांगेच्या मधल्या एका बाईने पदर सारखा केला, तिथून निघाली आणि येऊन माझ्या दारासमोरच्या बाकावर बसली, सगळ्यांच्या देखत. सरांनी तिला वाट दिली, केसपेपरची घडी खिशात घातली आणि फाटकाकडे चालू लागले.